विहीर खोल वाटली पाहिजे: व्हीआर हेडसेटचा पडदा निवडताना आणि लावताना

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने महामार्गाला लागलं की लिंब फाटा येतो. तिथून आत गेलं की बारामोटेची विहीर. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यास, अष्टकोनी बांधणी, आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटासा महाल. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्या आजी-आजोबांना त्या पायऱ्या उतरवत नाहीत. चाळीस मुलांची सहल एकदम काठाशी नेताना शिक्षकांचाही जीव वर-खाली होतो. अशी जागा व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आपण आत आहोत असं वाटावं अशा कृत्रिम दृश्यात, आणून शाळेच्या वर्गात, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात दाखवणं हे फार मोलाचं काम आहे.

पण पुष्कळदा घडतं असं की विहिरीचं त्रिमितीय मॉडेल नेटकं असतं, हेडसेट महागाचा असतो, आणि तरीही बघणारा काठाशी उभा राहून 'छान आहे' म्हणतो. पोटात गोळा येत नाही, पाय मागे सरत नाही. शंभर फुटांची विहीर अंगणातल्या हौदासारखी वाटते. अशा वेळी लोक आणखी जास्त 'के'चा, म्हणजे जास्त पिक्सेलचा, हेडसेट शोधायला लागतात. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. पडद्याच्या कुठल्या गुणाने काय बिघडतं आणि ते कोणत्या क्रमाने दुरुस्त करायचं, ते या लेखात विहिरीचंच दृश्य समोर ठेवून सांगितलं आहे.

पिक्सेल आधी मोजू नका

यंत्र किती दाखवू शकतं ही एक गोष्ट, आणि बघणाऱ्याला 'मी तिथे आहे' असं वाटतं का ही दुसरी. मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये या दुसऱ्या गोष्टीचेही दोन भाग केले: आपण त्या जागी आहोत असा भास, आणि समोर घडतंय ते खरोखर घडतंय असा भास. पहिला भास टिकतो तो आपण मान वळवली, वाकलो, डोकावलो की दृश्य जसं बदलायला हवं तसंच बदलतं म्हणून. शरीर आणि डोळे यांचा हा मेळ बसला की साधं चित्रही खरं वाटतं. तो तुटला की कितीही सुबक चित्र असलं तरी चित्रच राहतं.

कमिंग्ज आणि बेलेन्सन यांनी २०१६ मध्ये बऱ्याच प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. हालचालीचा मागोवा, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं आणि रुंद दृष्टिक्षेत्र या तिन्हींचा परिणाम चित्राच्या किंवा आवाजाच्या दर्जापेक्षा बराच जास्त निघाला.

हे असं का, ते विहिरीच्या काठावर हिशोब करून बघू. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ सारख्या हेडसेटमध्ये नजरेच्या एका अंशात साधारण २० पिक्सेल बसतात. दोन डोळ्यांमधलं अंतर ६३ मिलीमीटर धरा. दोन मीटरवरच्या वस्तूसाठी दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत एका पिक्सेलचा फरक म्हणजे सुमारे साडेपाच सेंटीमीटर खोली. तोच एक पिक्सेल ३३ मीटरवरच्या तळाशी तब्बल १५ मीटरचा होतो. म्हणजे दोन डोळ्यांच्या फरकातून तळाची खोली जवळजवळ कळतच नाही. आता डोकं फक्त १० सेंटीमीटर बाजूला न्या. दीड मीटरवरचा काठाचा दगड जवळपास ४ अंश सरकतो, तळ पाव अंशही सरकत नाही. पडद्यावर हा फरक सत्तरेक पिक्सेलचा आहे! विहीर खोल वाटते ती डोकावताना काठ आणि तळ एकमेकांवरून असे सरकतात म्हणून.

यावरून खरेदीचा पहिला नियम निघतो. हेडसेटने मान वळवणं तर टिपलंच पाहिजे, शिवाय पुढे झुकणं, वाकणं, बाजूला होणंही टिपलं पाहिजे. मोबाइल आत अडकवून बघायची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची खोकी फक्त वळणं टिपतात, म्हणून विहिरीसाठी ती बाद. हाच मुद्दा ३६० अंशांच्या व्हिडिओला लागू होतो. त्यात डोकावायला गेलं की सगळी विहीर आपल्याबरोबर पुढे सरकते आणि भास तिथेच मोडतो. कासच्या पठारावरून दूरवरचे डोंगर दाखवायचे असतील तर असा व्हिडिओ चालतो, कारण तिथे पाहायचं ते सगळं लांब असतं. विहिरीला मात्र त्रिमितीय मॉडेलच हवं. त्यासाठी जागेची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी घ्या, ढगाळ दिवशी एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढतील असे काहीशे फोटो काढा आणि फोटोत दिसेल अशी मोजपट्टी ठेवा. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, ती त्या दिवशी दोरीने मोजून लिहून ठेवा.

हेडसेट निवडताना

स्वतंत्रपणे चालणारे, कॉम्प्युटर न लागणारे हेडसेट शाळांना सोयीचे. त्यातले तीन तुलनेला घेऊ. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस या दोन्हींत प्रत्येक डोळ्याला १८३२×१९२० पिक्सेल आणि कंगोऱ्यांचं फ्रेनेल भिंग. क्वेस्ट ३ मध्ये २०६४×२२०८ पिक्सेल आणि चपटं पॅनकेक भिंग. बॉक्सवर पिक्सेलचा फरक ठळक छापतात, पण वापरताना जाणवतो तो भिंगांचा. फ्रेनेल भिंगात मध्यभाग स्वच्छ आणि कडा पुसट असतात, त्यामुळे माणूस डोळे न फिरवता मान फिरवू लागतो. पॅनकेक भिंगात कडेपर्यंत स्पष्ट दिसतं आणि नजर खऱ्यासारखी इकडेतिकडे फिरते.

दृष्टिक्षेत्रात ३एसला आडवे ९६ आणि उभे ९० अंश मिळतात, क्वेस्ट ३ ला ११० आणि ९६. माणसाची आडवी नजर दोनशे अंशांच्या आसपास पसरलेली असते, तेव्हा दोन्हीकडे झापडं लावल्यासारखं थोडंफार वाटणारच. विहिरीसाठी उभ्या अंशांकडे जास्त लक्ष द्या. तळ आणि पायाखालचा काठ एकाच वेळी नजरेत आले तर पोटात धस्स होतं. उभं क्षेत्र तोकडं असलं तर काठ दिसतो तेव्हा तळ दिसत नाही.

इथे एक गोष्ट फुकटात मिळते. चेहऱ्यावरचा फोम जाड असला किंवा चष्म्यासाठीची जादा चौकट सगळ्यांनाच लावून ठेवली, तर भिंग डोळ्यापासून दूर जातं आणि दृष्टिक्षेत्र कित्येक अंशांनी आखडतं. चौकट चष्मेवाल्यांपुरती लावा, बाकीच्यांना काढा. क्वेस्ट ३ मध्ये हे अंतर मागेपुढे करायची सोय आतच आहे. भिंग पापण्यांना लागणार नाही इतकं जवळ आणा.

दाखवायची खोली

हेडसेट आपली जागा कॅमेऱ्यांनी ओळखतो. चुना मारलेल्या कोऱ्या भिंतींमध्ये त्याला पकडायला काही सापडत नाही, आणि विहीर मधूनच हातभर सरकते. भिंतींवर चार-सहा कॅलेंडरं, नकाशे, तक्ते वेगवेगळ्या उंचीवर लावा. मोठा आरसा असेल तर चादर टाका. उजेड इतका असावा की वही सहज वाचता येईल.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटच्या थरथरीमुळे मागोवा डळमळत असेल किंवा हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून बाहेरची खोली बघताना पट्टे सरकत असतील, तर सेटिंगमध्ये मागोव्याची वारंवारता 'ऑटो'वरून ५० हर्ट्झवर आणा.

उन्हाचं सांगायलाच हवं. भिंगावर थेट ऊन पडलं तर ते बहिर्गोल भिंगासारखं आतल्या पडद्यावर एकवटतं आणि काही क्षणांत कायमचा डाग पडतो. हेडसेट खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा अंगणातल्या टेबलावर उताणा ठेवू नका. काढला की लगेच भिंगं झाकायची सवय लावा.

दोन डोळ्यांमधलं अंतर

गर्दीच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडे होतं, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीही यातूनच होते. मोठ्या माणसांत बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलीमीटर असतं, पण ५४ पासून ७४ पर्यंत फरक पडतो. मुलांमध्ये ते आणखी कमी असतं. भिंगाचा मध्य आणि बाहुलीचा मध्य जुळला नाही तर चित्र पुसट होतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात आणि मान वळवताना सरळ रेषा पाण्यात हलल्यासारख्या वाकतात. दगडी भिंतीत हे लगेच दिसतं. दोन चिऱ्यांमधली आडवी दरज बघत मान सावकाश डावी-उजवीकडे करायला सांगा. दरज सरळ राहिली तर ठीक. मधे पोट काढत असेल तर अंतर चुकलंय किंवा हेडसेट चेहऱ्यावर खाली घसरलाय.

मोजायला आरसा आणि मिलीमीटरची पट्टी पुरे. आरशापासून वीतभर अंतरावर उभं राहा, पट्टी भुवयांखाली आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचं शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. डोकं आणि पट्टी अजिबात न हलवता उजवा उघडा, डावा मिटा, आणि उजव्या बाहुलीच्या मध्याखालचा आकडा वाचा. तीनदा मोजून सरासरी घ्या. चष्मा असेल तर चष्म्याच्या दुकानात हा आकडा लिहिलेला असतो, तो मागून घ्या.

क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचा आहेत. आकडा ६१ पर्यंत असेल तर पहिली, ६१ ते ६६ दुसरी, त्यापुढे तिसरी. भिंगं हातांनी सरकवायची असतात, आणि खाचेत बसल्याचा 'टक' आवाज यावा लागतो. अर्धवट बसलेलं भिंग चुकीच्या खाचेपेक्षाही त्रास देतं. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ५८ ते ७१ पर्यंत सलग बदल करता येतो. शाळेत वापरणार असाल तर प्रत्येक मुलाचा आकडा एकदा मोजून हजेरीपटाच्या कडेला लिहून ठेवा, दरवेळी मोजायची गरज उरत नाही.

या आकड्यावरून जगाचा आकारही ठरतो. दृश्य काढताना सॉफ्टवेअरने डोळ्यांमधलं अंतर बघणाऱ्याच्या खऱ्या अंतरापेक्षा जास्त धरलं तर सगळं लहान, खेळण्यातलं वाटतं. कमी धरलं तर अवाढव्य. काही ॲपमध्ये विकसक 'थ्रीडी जास्त उठून दिसावं' म्हणून हे अंतर मुद्दाम वाढवतात. बारामोटेच्या विहिरीचा हौद होतो तो इथे.

फ्रेम आणि उशीर

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २००२ च्या सुमारास एक प्रयोग झाला. व्हीआरमध्ये एका खोलीच्या मधोमध खोल खड्डा, आणि काठावर उभ्या माणसाच्या हृदयाचे ठोके मोजायचे. सेकंदाला १५ चित्रांवरून ३० वर गेल्यावर ठोके जास्त वाढले, म्हणजे खड्डा जास्त खरा वाटला. पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात डोकं हलल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा उशीर ९० मिलीसेकंदांऐवजी ५० केला, तेव्हाही तसंच झालं. चित्र तेच, खड्डा तोच, फक्त उशीर कमी.

आजच्या हेडसेटमध्ये हा उशीर २० मिलीसेकंदांच्या आत ठेवायचा असतो. मान सेकंदाला १०० अंश वेगाने फिरत असेल, जो काही फार मोठा वेग नव्हे, तर २० मिलीसेकंदांत ती २ अंश पुढे जाते. तेवढं जग मागे राहिलं तर ते घट्ट न वाटता रबराचं वाटतं. हेडसेट पुढची स्थिती ओळखून हा फरक भरून काढतो, पण त्यासाठी ॲपने प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, वेळेत द्यायला हवी. ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ फ्रेम असताना, प्रत्येकीला १३.९ मिलीसेकंद मिळतात, ९० ला ११.१ आणि १२० ला ८.३. तुमचं मॉडेल ९० ला कधी टिकतं, कधी नाही, अशी स्थिती असेल तर सरळ ७२ वर या. डगमगत्या ९० पेक्षा स्थिर ७२ कधीही बरे. वेळ चुकली की हेडसेट जुनीच फ्रेम वळवून दाखवतो. मग जवळच्या कठड्याला दुहेरी कडा येतात आणि आपला हात हलवताना मागे सावली राहते. ही खूण दिसली की मॉडेल हलकं करा. मॉडेलचा पृष्ठभाग बारीक त्रिकोणांनी बनतो; स्वतंत्र हेडसेटवर ३ ते ५ लाख त्रिकोणांपासून सुरुवात करा, सावल्या आणि ऊन टेक्स्चरमध्येच, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रातच, आधी भाजून घ्या, पारदर्शक पाणी कमीत कमी जागेवर ठेवा.

दुसरी बाब, पडदा प्रत्येक फ्रेममध्ये किती वेळ उजळतो. ९० हर्ट्झला तो पूर्ण ११.१ मिलीसेकंद पेटलेला राहिला तर वर सांगितलेल्या वेगाने मान वळताना चित्र १.१ अंश, म्हणजे वीस-बावीस पिक्सेल पुसलं जाईल. म्हणून आताचे पडदे एक-दोन मिलीसेकंद चमकून विझतात, आणि पुसट पट्टा चारेक पिक्सेलवर येतो. याची किंमत म्हणजे थरथर. नजरेच्या कडेला, आणि उजेड जास्त असताना, डोळ्याला थरथर अधिक जाणवते. पांढरंफेक आभाळ भरलेलं दृश्य ७२ हर्ट्झवर काहींना कडेने फडफडताना दिसतं. अशा वेळी ९० करा, आणि ते झेपत नसेल तर आभाळाचा उजेड उतरवा.

व्हिडिओसाठी आणखी एक हिशोब. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ ७२ हर्ट्झवर लावला तर काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात, चालणारी माणसं अडखळतात. ९० किंवा १२० वर भागाकार नीट जातो.

एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या सभागृहात दुपारी कार्यक्रम ठेवू नका. बहुतेक हेडसेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. तापले की वेग उतरवतात, आणि पहिल्या दहा जणांना छान दिसलेली विहीर पंधराव्याला अडखळते. दोन हेडसेट आळीपाळीने वापरा. कॉम्प्युटरवरून बिनतारी दाखवत असाल तर कॉम्प्युटर राऊटरला केबलने जोडा, राऊटर त्याच खोलीत ठेवा, ५ गिगाहर्ट्झ वापरा. यासाठी इंटरनेट लागत नाही, पण वीज लागते. राऊटरलाही यूपीएसवर घ्या.

आभाळ आणि अंधार

विहीर हा पडद्यासाठी अवघड विषय आहे. वर आभाळाचा लखलखीत तुकडा, खाली कमानीतला काळोख, दोन्ही एकाच नजरेत. एलसीडी पडद्याला मागून दिवा असतो, त्यामुळे त्याचा काळा रंग राखाडी होतो. कमानीत अंधार असण्याऐवजी धूर भरल्यासारखा दिसतो. फ्रेनेल भिंगाच्या कंगोऱ्यांवरून आभाळाचा उजेड फुटून त्याच काळोखावर पांढरे फराटे ओढतो. ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो त्या ओएलईडी पडद्यावर काळा खरोखर काळा असतो, पण अगदी गडद भागात मान वळवताना काळसर ओघळ उमटतात आणि सपाट रंगावर बारीक दाणे दिसतात.

यंत्र बदलता येत नसेल तर दृश्य बदला. आभाळ पूर्ण पांढरं ठेवू नका, जास्तीत जास्त उजेडाच्या ७० टक्क्यांपर्यंत ठेवा, ढगाळ घेतलंत तर उत्तम. कमानीतली सावली पूर्ण काळी न करता दगडाचा पोत जेमतेम दिसेल इतकी उचला. पोत दिसला की डोळा तिथे खोली वाचतो. राखाडी सपाट डाग असेल तर भिंतीला चिकटवलेला कागद वाटतो. पांढऱ्या अक्षरांची काळ्यावर माहिती लावणं टाळा, तिथे फराटे सर्वात जास्त उठतात. मातकट पार्श्वभूमीवर फिकट पिवळसर अक्षरं चांगली दिसतात.

आता पिक्सेल

निरोगी डोळ्याला एका अंशात ६० पिक्सेलपर्यंतचा बारकावा कळतो. समोरची भिंत १५ मीटरवर आहे. अंशाला २० पिक्सेलच्या हेडसेटमध्ये तिथला एक पिक्सेल सव्वा सेंटीमीटरहून थोडा मोठा, २५ च्या हेडसेटमध्ये सुमारे एक सेंटीमीटर. खऱ्या डोळ्याला तिथे अर्ध्या सेंटीमीटरच्या आतलं दिसतं. म्हणून समोरच्या भिंतीवरचे टाकीचे घाव यातल्या कुठल्याच हेडसेटमध्ये काठावरून दिसणार नाहीत, आणि त्यासाठी धडपडूही नका. बघणाऱ्याला महालातल्या कोरीव खांबापाशी, दीड मीटरवर नेऊन उभं करा. तिथे एक पिक्सेल एक-सव्वा मिलीमीटरचा होतो आणि छिन्नीची रेघ न् रेघ कळते.

३६० अंशांचा व्हिडिओ घेतलाच तर आडवे पिक्सेल भागिले ३६० एवढं करून बघा. ४के म्हणजे ३८४०, भागाकार जेमतेम १०.७. ५.७के ला १६, ८के ला २१. ४के व्हिडिओ पुसट दिसला म्हणून हेडसेट बदलून काही उपयोग नाही.

मॉडेल पुसट दिसत असेल तर वेगळं कारण तपासा. क्वेस्ट २ चा पडदा १८३२×१९२० असला तरी ॲप मुळात १४४०×१५८४ मध्ये चित्र काढतं आणि ते ताणून दाखवलं जातं. ॲपच्या सेटिंगमध्ये हे प्रमाण १.२ पर्यंत वाढवा, कडेचा भाग हलक्या दर्जाने काढायची सोय चालू करा, आणि फ्रेम टिकते का बघा. याआधी मात्र कडा गुळगुळीत करणारी ४ पट अँटी-अलायझिंग आणि टेक्स्चरचे मिपमॅप (दुरून बघताना वापरायच्या त्याच्या लहान प्रती) चालू आहेत याची खात्री करा. दगडांच्या बारीक दरजा मान हलवताना मुंग्यांसारख्या वळवळत असतील तर ही दोन बंद आहेत. स्थिर पुसटपणा डोळा सहन करतो, वळवळ नाही.

अंतराचा अंदाज

व्हीआरमध्ये अंतरं कमी वाटतात. २०१३ च्या एका आढाव्यात लोकांचा अंदाज खऱ्याच्या सरासरी ७४ टक्के निघाला होता. हलक्या, जास्त पिक्सेलच्या, रुंद दृष्टिक्षेत्राच्या हेडसेटमध्ये ही तूट कमी होते, पण संपत नाही. तुमच्या मांडणीत ती किती आहे ते दोरीने मोजता येतं. दृश्यात ३ मीटरवर जमिनीवर एक खूण ठेवा. बघणाऱ्याला ती नीट पाहू द्या, मग पडदा काळा करून खुणेपर्यंत चालत जायला सांगा, शेजारी एक जण हात धरायला हवाच. माणूस २.४ मीटरवर थांबला तर ८० टक्के. पाच-सहा जणांची सरासरी ७० च्या खाली असेल तर आधी जमिनीची पातळी तपासा: हेडसेट खाली ठेवल्यावर दृश्यातली फरशी आणि खरी फरशी जुळली पाहिजे. मग डोळ्यांमधलं अंतर, मग मॉडेलचं प्रमाण. काठाशी एक घागर आणि चपलांचा जोड ठेवून द्या. रोजच्या हाताळणीतल्या वस्तू दिसल्या की डोळा बाकीच्यांचा आकार त्यांच्यावरून लावतो. आणि काठाकडे नेण्याआधी बघणाऱ्याला दोन-तीन मिनिटं दृश्यात स्वतःच्या पायांनी चालू द्या, अंदाज सुधारतो.

हेडसेटच्या भिंगांचा फोकस सव्वा ते दोन मीटरच्या आसपास ठरलेला असतो, वस्तू जवळ आली तरी तो बदलत नाही. डोळे आत वळतात पण फोकस तिथेच राहतो, आणि ताण येतो. अर्ध्या मीटरच्या आत काही आणू नका. वाचायचा मजकूर १ ते ३ मीटरवर ठेवा.

माणसाला काठावर नेताना

पहिल्यांदा बघणाऱ्याला बसवूनच दाखवा, हात असलेली, न घसरणारी खुर्ची द्या. बसलेल्याचे डोळे जमिनीपासून १.१ ते १.२ मीटरवर येतात. दृश्यही तेवढ्याच उंचीचं लागतं. उभ्याच्या उंचीवर ठेवलं तर अधांतरी तरंगल्यासारखं होतं. सुरुवात काठापासून लांब, क्षितिज दिसेल अशा जागी करा. 'आजी, आधी समोरचं झाड बघा. आता सावकाश खाली बघा,' असं एकेक सांगा. कंट्रोलरने सरकवत पायऱ्या उतरवू नका. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, आणि मळमळ तिथूनच सुरू होते. दृष्टिक्षेत्र जितकं रुंद तितका हा त्रास जास्त. एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर दृश्य काळं करून न्या. सरकवणं टाळता येणार नसेल तर तेवढ्यापुरत्या कडा काळ्या करा.

उभं राहून बघू शकणाऱ्यांसाठी पायाखाली दीड इंच जाडीची फळी ठेवा आणि दृश्यातला काठ नेमका तिच्या कडेवर आणा. वर सांगितलेल्या खड्ड्याच्या प्रयोगात अशाच फळीने ठोके आणखी वाढले होते. बोटं कडेबाहेर गेली की शरीर पडद्यावर विश्वास ठेवतं. फळी हलता कामा नये, आणि शेजारी धरायला माणूस हवा. ज्यांना उंचीची भीती, हृदयाचा त्रास किंवा फिट येण्याचा इतिहास आहे त्यांना हे दाखवू नका. १० वर्षांच्या आतल्या मुलांनाही नाही.

पाच मिनिटं पुरे. जांभया येणं, गप्प होणं, कपाळाला गार घाम, चेहरा उतरणं यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी हेडसेट काढा, 'थोडंच राहिलंय' म्हणू नका. काढल्यावर दहा मिनिटं बसवून ठेवा, लगेच दुचाकी चालवू देऊ नका.

प्रत्येकानंतर भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मधून बाहेर गोल पुसा. स्पिरिट, सॅनिटायझर, पदराचं टोक, यातलं काही भिंगाला लावू नका. चेहऱ्याचा फोम धुता येईल असा सिलिकॉनचा घ्या. सकाळच्या थंडीत भिंगांवर वाफ धरते. हेडसेट दहा मिनिटं आधी चालू करून ठेवला की कोमट होतो. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, नाहीतर महाबळेश्वर-कास पट्ट्यातल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते.

काय बदललं हे कळण्यासाठी

सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदला. १० ते १२ जणांना दोन्ही प्रकार दाखवा, निम्म्यांना आधी जुना, निम्म्यांना आधी नवा. 'आवडलं का' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा आणि १ ते ७ मध्ये उत्तर घ्या: विहिरीपाशी उभे आहोत असं किती वाटलं, आपण या खोलीत आहोत याचा विसर किती पडला, आता आठवताना पाहिलेलं चित्र आठवतंय की गेलेली जागा. मळमळ आणि डोकेदुखी ० ते ३ मध्ये वेगळी नोंदवा, कारण रुंद दृष्टिक्षेत्रासारखा बदल भासही वाढवतो आणि त्रासही.

आणि वहीत एक रकाना शरीरासाठी ठेवा. काठाशी पाय मागे घेतला का, खुर्चीचा हात घट्ट धरला का, वाकून खाली पाहिलं का, आपणहून हात पुढे करून कठडा चाचपला का. रिकाम्या हवेत कठडा शोधणारा तो हात तुमच्या रकान्यातली सगळ्यात खरी नोंद.